भिंतीसकट फोटो

मर्ल स्टिकनीनं मासेमारीच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा माशाच्या मागची भिंत त्यात स्वच्छ दिसत होती, आणि ती चुकून आलेली नव्हती.

ब्रॉवर्ड काउंटीतल्या कालव्यांवर मरळ धरणाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे. मासा दाखवायचा, जागा दाखवायची नाही. मासा लागला की गुडघ्यावर बसायचं, तो डोक्याच्याही वर उचलायचा आणि मागे फक्त आभाळ येऊ द्यायचं. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत ते मागचं सगळं बोटानं घासून धूसर करतात. कारण या लोकांची नजर फार वाईट असते. कौलांचा रंग, विजेच्या खांबावरचा आकडा, शेंडा मोडलेलं ताडाचं झाड, एवढं त्यांना पुरतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ते तुमच्या जागेवर घडीची खुर्ची टाकून बसलेले असतात.

मर्लच्या फोटोत ताडाचं झाड नव्हतं, अख्खी भिंत होती. बंद पडलेल्या बोलिंग-घराची मागची बाजू. फिकट गुलाबी, आणि तिच्यावर माणसाच्या उंचीच्या तीन पांढऱ्या, बाटलीच्या आकाराच्या पिना रंगवलेल्या. मधल्या पिनेचं डोकं पोपडे पडून गेलेलं. असली भिंत गावात एकच होती.

फोटो टाकून त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि कॉफीसाठी पाणी चढवलं. ग्रुपवर चारेक हजार लोक होते. त्यातल्या एकाच माणसाची तो वाट पाहत होता.

त्या माणसाचं नाव क्लोव्हिस गिड्री. मूळचा लुईझियानाचा. जन्मभर इथल्या शाळांची बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर रोजच्या रोज मर्लबरोबर कालव्यावर. मर्ल एसी दुरुस्त करायचा. क्लोव्हिसच्या घरचा एसी बिघडला म्हणून ओळख झाली, आणि एसी दुरुस्त झाल्यावरही ती टिकली. दोघांनाही फारसं बोलता येत नसे, पण मरळ धरायला बोलावं लागतं, आणि तेवढं बोलणं त्यांना पुरे होतं.

मरळ ही मुळात आपल्याकडची. इथल्या पाण्यात ती कुणीतरी पाळीव माशांच्या टाकीतून आणून सोडली असावी असं म्हणतात. इथं तिला उपरी समजतात. सरकारचं म्हणणं, धरली की मारा, जिवंत बाळगू नका. मर्ल मारत असे. डोक्यावर एकच घाव घालून बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि संध्याकाळी तिचे काप ट्रेलर पार्कच्या वस्तीतल्या शेजाऱ्यांना वाटायचा. पांढरं मांस, काटे कमी. शेजारी दार उघडत, मासा घेत, "गॉड ब्लेस यू" म्हणत आणि दार लावत.

मोठी मरळ हाती लागायची वेळ म्हणजे तिला पिल्लं असतात ती. नारिंगी पिल्लांचा एक गोळा पाण्याखाली फिरत असतो, आणि आई-बाप दोघंही त्याच्या खाली राखणीला असतात. मरळीला हवेतला श्वास लागतो, पिल्लांनाही लागतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं गोळा वर येतो, पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखे बुडबुडे फुटतात आणि तो पुन्हा खाली जातो. त्याच क्षणी गळाला लावलेला रबरी बेडूक गोळ्याच्या पलीकडे टाकून पिल्लांवरून ओढत आणला, तर राखण करणारी अंगावर धावून येते.

अडचण अशी, की फेकणारा काठावर खाली उभा असतो आणि भर उन्हात पाण्याची चमक त्याला काही दिसू देत नाही. म्हणून दोघं लागतात. बोलिंग-घराच्या मागे दोन कालवे मिळतात तिथं सिमेंटची उंच मोरी आहे. क्लोव्हिस काळा चष्मा लावून तिच्यावर चढायचा आणि घड्याळाच्या काट्यांनी दिशा, गळाच्या काठीच्या मापानं अंतर सांगायचा.

"दहा वाजता. दोन काठ्या लांब. थांब... थांब... आता टाक!"

मर्ल न बघता टाकायचा. बेडूक नेमका तिथं पडायचा. दुसऱ्या खेपेला मर्ल वर आणि क्लोव्हिस खाली. अशी वर्षं गेली.

मग चर्चच्या जेवणात क्लोव्हिसला नडीन भेटली. तिनं त्याला बटाट्याचं सॅलड वाढलं, त्यानं दुसऱ्यांदा मागितलं, आणि ते प्रकरण वाढत जाऊन लग्नापर्यंत गेलं. तिचं घर सीब्रिंगला, अडीच तास उत्तरेला. क्लोव्हिस तिकडे राहायला गेला. सुरुवातीला दर आठवड्याला आला, मग महिन्याला. मग फोन. "येतो रे पुढच्या आठवड्यात." मग फोनही नाही, मर्लच्या फोटोखाली नुसता एक अंगठा. आठ महिने अंगठाच.

मर्लनं फोन का केला नाही, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. जन्मभर त्याच्यासाठी फोन म्हणजे कुणाचं तरी घर तापल्याची तक्रार. ये रे, मला तुझ्याशिवाय करमत नाही, हे फोनवर कसं म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. एकटा तो मोरीवर चढायचा, गोळा बघायचा, उतरून काठी हातात घेईपर्यंत गोळा सरकलेला असायचा. पुन्हा चढायचा. त्या उन्हाळ्यात त्याला फक्त एक मरळ मिळाली, तीही योगायोगानं. तिचाच हा फोटो.

क्लोव्हिसचा स्वभाव त्याला पाठ होता. सख्ख्या पुतण्याच्या फोटोत रस्त्याच्या पाटीचं एक टोक आलं, तर हा माणूस अख्खा उन्हाळा त्याच्याशी बोलला नव्हता. भिंत बघून तो घरात बसणं शक्य नव्हतं. गाडी काढून येईल, शिव्या देईल. येईल तरी.

कॉफी गाळून होते न होते तोच फोन वाजला.

"मर्ल, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे की. का रे?"

"भिंत दिसतेय!"

"कुठली भिंत?"

"कुठली भिंत म्हणे! बोलिंगची भिंत, गाढवा! तिन्ही पिनांसकट! पत्ता तेवढा छापायचा राहिला."

"थांब, बघतो... हो रे. आलीय खरी."

"काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"मला नाही जमत ते काढायला."

"फोटोवर बोट दाबून धर. मग खाली—"

"फोनवर काही कळत नाही मला. तू ये आणि काढ."

 पलीकडे ताटल्या वाजत होत्या, कुणीतरी बाई हसत होती.

"शेजारच्या पोराला सांग."

"पोरं शाळेत गेलीत."

"आज रविवार आहे, मर्ल."

"हो का? मग सांगतो त्याला."

"आत्ता सांग!" क्लोव्हिसनं फोन ठेवला.

मर्लनं कुणाला सांगितलं नाही. त्यानं दोन अंडी तळली, बऱ्याच दिवसांनी चव लागली म्हणून तिसरं तळलं, आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत ते खाल्लं. क्लोव्हिसची पिकअप हिरवी होती. तो अजून चिडलेला असेल, दुपारपर्यंत निघेल.

दुपारपर्यंत पिकअप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलिंग-घरामागे दोन गाड्या उभ्या होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी गाड्या गवतावर चढल्या.

पहिल्यांदा मर्लला बरंच वाटलं. काठावर माणसं होती, कुणी बर्फाची पेटी ओढत होतं, कुणाचा रेडिओ चालू होता. त्यानं एकदोघांना हात केला. पण ही माणसं एकमेकांशीही बोलत नव्हती. ती आपापल्या फोनशी बोलत होती. गुडघाभर पाण्यात उभा राहून एक पोरगा फोनला सांगत होता, "मित्रांनो, आज आपण एका एकदम गुप्त जागी आलो आहोत," आणि त्याच्या मागे नऊ माणसं गळ टाकून उभी होती. मर्लला हसू आलं. हे क्लोव्हिसला सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं.

"सर, जरा उजवीकडे होता का?" तो पोरगा म्हणाला. "फ्रेममध्ये येताय."

मर्ल उजवीकडे झाला. तिथून त्याला बुडबुडे दिसले. जुनी सवय, पाय आपोआप मोरीवर चढले. वरून गोळा स्वच्छ दिसला, मोठ्या परातीएवढा, आणि त्याच्या खाली दोन लांब काळ्या सावल्या.

"अकरा वाजता!" तो ओरडला. "तीन काठ्या! थांब थांब... टाक!"

पोरानं एका कानातला इअरफोन काढला. "काय झालं, सर?"

"गोळा. अकरा वाजता."

"अकरा कुठले, साडेनऊ झालेत."

"घड्याळ नव्हे रे! दिशा. तू मध्ये उभा आहेस असं धर, समोर बारा—"

"ओह, ते होय! थँक यू, सर. आहे माझ्याकडे." पोरानं बोट वर केलं. मर्लच्या डोक्यावर एक छोटा ड्रोन घोंघावत होता. पोराच्या छातीवरच्या पडद्यावर कालवा वरून दिसत होता, गोळा, सावल्या, आणि मोरीच्या कडेला वरून टक्कल दिसणारा एक म्हातारा.

पोरानं त्याच फेकीत पहिली मरळ काढली. जवळजवळ हातभर लांब. लोक ओरडले, टाळ्या पडल्या, मर्लनंही टाळ्या वाजवल्या.

दुसरी मात्र पळून गेली नाही. गोळा घेऊन ती पलीकडच्या काठाला, पाणकणसांच्या बुडाशी गेली, आणि तिथं एकटीच पिल्लांखाली गोल फिरत राहिली. दुपारी कोरल स्प्रिंग्जहून आलेल्या एका बाईनं तिला धरलं. मग गोळ्याखाली कुणीच उरलं नाही. थोडा वेळ काही झालं नाही. मग कालव्यातल्या दुसऱ्या मोठ्या माशांनी खालून धडका मारायला सुरुवात केली, पाणी खदखदलं, नारिंगी ठिपके इकडेतिकडे विखुरले आणि कमी कमी होत गेले. बुडबुडे थांबले.

सरकारी दृष्टीनं हे चांगलंच झालं होतं. उपरी जात, दोन मोठे मासे आणि शेकडो पिल्लं एका दिवसात साफ. मर्लनं स्वतः यापेक्षा जास्त मारल्या होत्या आणि त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. आताही माशांचं वाईट वाटत होतं असं नाही. फक्त आपण इथं कशाला उभे आहोत, हे त्याला आठवेना. मग त्यानं रस्त्याकडे पाहिलं. हिरवी पिकअप नव्हती.

ग्रुपवर लोक त्याच्याबद्दल लिहीत होते. म्हाताऱ्यानं जागा फोडली. वय झालं की असं होतं. कुणीतरी लिहिलं, त्याला माफ करा, त्याला फोटो कापता येत नसेल. ते वाचून मर्लला सगळ्यात जास्त लागलं. क्लोव्हिसचा तिथं एक शब्दही नव्हता. अंगठाही नव्हता.

बोलिंग-घरामागे जावंसं वाटेना म्हणून तो पश्चिमेच्या फाट्यानं चालायला लागला. घरांच्या मागच्या अंगणांतून, कुंपणांच्या कडेनं. इग्वाना सरडे भिंतींवर ऊन खात पडले होते, त्याची चाहूल लागली की धप्प करून पाण्यात उड्या टाकत. या बाजूला मासे धरायला कुणी येत नसे, गाडी लावायला जागा नव्हती. एका वळणावर लोकांना पलीकडे जायला लाकडी पूल होता. पुलावर तो घाम पुसायला थांबला आणि खाली बुडबुडे फुटले.

गोळा नुकताच जन्मलेला, पिल्लं नखाएवढी. खाली दोन्ही मरळी. एवढ्या मोठ्या त्यानं आजवर दोनदाच पाहिल्या होत्या. पुलाच्या खालचा काठ सपाट होता, फेकायला मोकळा, फक्त तिथून पाण्यातलं काही दिसायचं नाही. मर्लनं उतरून खात्री केली. दिसत नव्हतं. पुन्हा वर गेला. दिसत होतं.

एक वर, एक खाली. दोन माणसांची जागा होती.

त्यानं फोटो काढला नाही. रोज सकाळी मात्र तो तिथं जात राहिला, काठी न घेता.

तीन आठवडे झाले. बोलिंग-घरामागची गर्दी ओसरली, मासेच उरले नव्हते. गवतावर चाकांचे खड्डे आणि रबरी बेडकांची पाकिटं तेवढी राहिली. मर्ल ती पाकिटं गोळा करत असताना एक पांढरी गाडी येऊन थांबली. चालवत होती एक बाई. बाजूच्या दारातून क्लोव्हिस उतरला.

त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. मर्लनं त्याला इस्त्रीच्या शर्टात कधी पाहिलं नव्हतं.

"नडीन, हा मर्ल," क्लोव्हिस म्हणाला.

"मला वाटलंच." नडीननं मर्लचा हात दोन्ही हातांत घेतला. "मिस्टर स्टिकनी, तुमचं नाव आमच्या घरात रोज निघतं."

"काय म्हणतो हा?"

"म्हणतो, मर्ल इथं असता तर म्हणाला असता."

"काय म्हणालो असतो?"

"ते मात्र सांगत नाही कधी." ती हसली, मानेवरचा डास मारला आणि एसी चालू ठेवलेल्या गाडीत जाऊन बसली.

दोघं काठाकडे गेले. क्लोव्हिस तडक मोरीवर चढला. चढताना त्यानं गुडघ्यावर हात टेकला, तेवढं नवीन होतं. डोळ्यांवर पंजा धरून तो पाणी बघत राहिला. मर्ल खाली काठावर जाऊन उभा राहिला. हातात काठी नव्हती, पाकिटांची पिशवी होती.

"काही नाही," क्लोव्हिस वरून म्हणाला.

"नाहीच."

"एक पिल्लूसुद्धा ठेवलं नाही लेकांनी."

"ड्रोन होता एकाकडे."

"ड्रोन!" क्लोव्हिस थुंकला. "मोरीचं काय मग, लोणचं घालायचं?" तो उतरला, मर्लजवळ येऊन उभा राहिला आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, "मुद्दाम टाकलास ना?"

मर्ल पिशवीची गाठ मारत होता.

"इतक्या वर्षांत तुझ्या फोटोत गवताची काडी आली नाही कधी. आणि भिंत येते? मी नडीनला त्याच रात्री म्हटलं, त्यानं हे मुद्दाम केलंय."

"कळलं होतं तर आला का नाहीस?"

"आलो की."

"आत्ता."

"नडीनच्या बहिणीकडे पॉम्पानोत जेवण आहे. वाटेवरच पडत होतं, म्हटलं..." क्लोव्हिसनं वाक्य तिथंच सोडलं. नंतर जरा हळू म्हणाला, "सरळ सांगायचं होतंस मला."

"काय सांगायचं?"

 गाडीतून नडीननं घड्याळ दाखवलं. क्लोव्हिसनं मान डोलावली, पण हलला नाही.

"दुसरी जागा बघितलीस की नाही?"

"बघितली."

क्लोव्हिसचा चेहरा बदलला. शर्टच्या आतला जुना माणूस जागा झाला. "कशा आहेत?"

"दोन. तुझ्या मांडीएवढ्या. पिल्लं वाढलीत आता, पण अजून सोडलेली नाहीत. वर पूल, खाली काठ. एकट्याचं काम नाही."

"अरे देवा. कुठे?"

"मंगळवारी ये. नेतो."

"मंगळवारी चर्चच्या कॉयरचा गाण्याचा सराव असतो रे."

"बुधवारी ये."

"बुधवारी तिच्या गुडघ्याचा डॉक्टर. बघू." क्लोव्हिसनं खिशातून फोन काढला. "तू रस्त्याचं नाव सांग ना. नकाशावर खूण करून ठेवतो. इकडे कधी आलो तर सरळ तिथंच जाईन, तुलाही त्रास नको."

फोनचा नकाशा उघडला. निळे कालवे, करडे रस्ते. क्लोव्हिसचं बोट वर तयार होतं.

"नाव नाही माहीत," मर्ल म्हणाला.

"माहीत नाही? चाळीस वर्षं या गावातले एसी खोललेस, आणि रस्त्याचं नाव माहीत नाही?"

"नाही."

क्लोव्हिसनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग फोन खिशात ठेवला.

"मग तुलाच दाखवायला यावं लागेल."

"हो."

"बघू," क्लोव्हिस म्हणाला. त्यानं मर्लच्या दंडावर थापटलं, गाडीत बसला, आणि काच खाली करून ओरडला, "तो फोटो तरी काढ आता, गाढवा!"

"तू ये आणि काढ!"

क्लोव्हिस हसला बहुधा. काच वर जात होती, नीट दिसलं नाही. गाडी पूर्वेला वळून पॉम्पानोच्या दिशेनं गेली.

रस्त्याचं नाव होतं सायप्रस बेंड. त्या रस्त्यावरच्या तीन घरांचे एसी मर्लनं स्वतः बसवले होते, आणि त्यातल्या एका घरात तर क्लोव्हिस त्याला डबा द्यायला आला होता. सांगितलं असतं तर क्लोव्हिस एखाद्या दिवशी सरळ तिथं गेला असता, पुलावरून पाणी बघितलं असतं, एकट्यानं दोनचार फेकी टाकून परत सीब्रिंगला निघून गेला असता, आणि मर्लला कळलंही नसतं.

मर्लनं पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग पश्चिमेच्या फाट्यानं चालायला लागला. पिल्लं वाढली होती. आई-बाप त्यांना आणखी किती दिवस राखतील, याचा तो वाटेत विचार करत होता. फार तर दोन आठवडे, पाणी तापलं तर त्याहून कमी.